गर्द हिरव्याचे शेजारी

अंत्रुज महालातील आमच्या वडिलोपार्जित घराचे पुढील दार गर्द हिरवे आहे. ते हिरवे कोणी व केव्हा केले, हे घरातील हयात माणसांपैकी कोणासही आठवत नाही. प्रत्येक पिढीने ते आपल्या वडिलांच्या हातून तसेच घेतले, चवथीच्या आधी त्यावर तेलाचा हात फिरवला आणि पुढच्या पिढीच्या स्वाधीन केले. दाराविषयी आमच्या घरात कधीही तंटा झाला नाही. तंटा झाला तो भिंतीविषयी.

घर समाईक आहे, हे सांगितल्यावर गोमंतकीय वाचकांस अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. बडोद्यास स्थायिक झालेल्या आमच्या चुलतबंधूंस भिंती राखी रंगाच्या हव्या होत्या. बेळगावच्या वहिनींस फिकट पिवळ्या. आणि घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या, देवापुढे दिवा लावणाऱ्या काकींस भिंतीच्या पायथ्याची कावेची तांबडी पट्टी जाता कामा नये, एवढेच हवे होते. इन्व्हेंतारीच्या कामात विहिरी मोजल्या जातात, माड मोजले जातात, देवघरातील समया व ताम्हणेसुद्धा यादीत चढतात; परंतु भिंतीच्या रंगासाठी त्या यादीत रकाना नसतो. त्यामुळे निवाडा कायद्याने होणे शक्य नव्हते, आणि वकील म्हणून तो आमच्यावरच येऊन पडला. रंगारी बिचारा हातात रंगांच्या नमुन्यांची पुस्तिका घेऊन अंगणात उभा. तो म्हणाला, "वकीलबाब, दार पाचवेंच दवरपाचें जाल्यार वणटीक खंयचो रंग लावपाचो?"

प्रश्न साधा होता. आम्ही उत्तरासाठी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि त्या आठ दिवसांत हिरव्या रंगाची जी कुळकथा हाती लागली, ती येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ शब्दापासून करावा. मराठी 'हिरवा' हा संस्कृत 'हरित' शब्दाचा वंशज. त्यात गवत आहे, रान आहे, पावसाळा आहे. कोकणीने मात्र या रंगास 'पाचवो' म्हटले, म्हणजे पाच या रत्नाच्या रंगाचा. शेजारी नांदणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीने हा रंग रानातून उचलला आणि दुसरीने दागिन्यांच्या पेटीतून, याची आम्हांस मोठी मौज वाटते. आमच्या दाराचा रंग कोकणी अर्थाने हिरवा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. तो पोपटी नाही, शेवाळी नाही. सावलीत जवळजवळ काळा भासावा आणि उन्हाची तिरीप पडताच आतून उजळावा, असा तो आहे.

अशा हिरव्याच्या शेजारी काय शोभते, हे आपल्या लोकांना कोणी शिकविले नव्हते. तरी ते त्यांना ठाऊक होते. चवथीच्या माटोळीकडे पाहावे. सुपाऱ्यांचे हिरवे घोस, तवशी, आंब्याचे टाळे, आणि त्यांच्यामध्ये कवंडळांची तांबडी-केशरी फळे. नैवेद्याच्या केळीच्या पानावर पांढरा भात आणि पिवळे वरण. विड्याच्या पानात पांढरा चुना आणि तांबूस कात. नववधूचा हिरवा चुडा आणि त्यावर हळदीचे हात. पांढरा, पिवळा, तांबडा: हिरव्याचे हे तीन सोबती आपल्या घरात पिढ्यानपिढ्या वावरत आले आहेत. निळा त्या मंडळींत क्वचितच दिसतो, आणि राखी तर अंगाऱ्यापलीकडे कोठेच नाही. बडोद्याच्या बंधूंस आम्ही हे ऐकविले, तेव्हा त्यांनी, "ही आवड झाली, कारण नव्हे," असे उत्तर दिले. युक्तिवाद म्हणून ते बिनतोड होते. म्हणून कारण शोधणे भाग पडले.

आज आपण एका रंगाजवळ दुसरा रंग निवडतो तो डोळ्यांस विचारून. परंतु मनुष्यजातीच्या इतिहासात फार मोठा काळ हा प्रश्न डोळ्यांचा नव्हताच. तो रसायनाचा होता. कोणता रंग कोणाच्या शेजारी जिवंत राहील आणि कोण कोणास खाऊन टाकील, हे आधी पाहावे लागे. आणि या बाबतीत हिरव्याइतका भांडखोर गृहस्थ दुसरा नाही.

त्यातल्या त्यात शांत हिरवा मातीचा. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत हिरवी माती सापडते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तीच वापरली. तांबडी व पिवळी गेरूची माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा आणि ही हिरवी माती असे त्यांचे बहुतेक सामान जवळपासचे होते. निळा दगड तेवढा दूर देशाहून आणलेला. पाचव्या शतकातील त्या भिंतींवर ती हिरवी माती आजही दिसते. पण तिचा स्वभाव सौम्य. तिच्यातून पानाआडची छाया निघते, पाचूचे तेज निघत नाही. दुसरा मार्ग मिश्रणाचा. हरताळाचा पिवळा आणि निळीचा निळा एकत्र खलून आपल्याकडील चित्रकार हिरवा करीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकर्माचे, रंगद्रव्यांचे व त्यांच्या मिश्रणांचे स्वतंत्र प्रकरण आहे. राज्यकारभार, हत्ती, पाकशास्त्र यांच्याच पंक्तीस राजाने रंगांनाही बसविले आहे. हैदराबादकडील आमच्या वाचकांस हे कल्याण फार दूर नाही.

तिसरा हिरवा तांब्याचा. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला म्हणजे जो हिरवा कळंक चढतो, त्याचाच हा शुद्ध केलेला भाऊ. फारसी भाषेतून आलेले त्याचे नाव जंगाल. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए या गावी अठराव्या शतकात घराघरांच्या तळघरांत बायका तांब्याचे पत्रे द्राक्षांच्या आंबलेल्या चोथ्यात पुरून ठेवीत आणि वर आलेली हिरवी पूड खरवडून विकीत. त्या गावाचा तो मोठा व्यापार होता. जंगालाचे तेज अपूर्व, परंतु शेजारधर्म त्यास मुळीच ठाऊक नाही. हरताळात गंधक असते, तांबे त्यास भेटले की दोन्ही रंग काळवंडतात. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने आपल्या ग्रंथात जंगाल आणि शिशाचा सफेता यांचे हाडवैर असल्याची ताकीद देऊन ठेवली आहे. जुन्या पोथ्यांत तर जंगाल ज्या कागदावर बसला तो कागदच कालांतराने जळाल्यासारखा तपकिरी होऊन तुकडा पडलेला आढळतो. फारसी लेखनपरंपरेत यावर उतारा म्हणून त्यात केशर मिसळण्याची रीत होती. रंगांची सोयरीक जुळविताना तेव्हाचे कारागीर पत्रिका पाहत, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

आता भिंतीकडे वळू, कारण आमच्या तंट्याचे मूळ तेथे आहे.

आपल्या कोकणपट्टीतील जुनी भिंत म्हणजे चिऱ्याची किंवा मातीची, वर चुन्याचा गिलावा, आणि त्यावर दरवर्षी चुन्याचा हात. हा चुना पुष्कळदा शिंपल्यांचा. शिंपले भाजावेत, चुनकळी पाण्यात विरवावी, गाळून कुंचल्याने भिंतीस लावावी. मग हवेतील कर्बवायू शोषून तो चुना हळूहळू पुन्हा दगड बनतो. त्यात मिसळलेला रंग त्या दगडात अडकून कायमचा राहतो. परंतु ओला चुना हा फार दाहक. तो सहन करण्याची ताकद मोजक्याच रंगांत असते. लोहाच्या मातीत ती आहे. म्हणून काव आणि पिवडी चुन्यात आनंदाने राहतात. धोब्याच्या निळीतही ती आहे; म्हणून निळसर भिंती झाल्या. काजळीत आहे, म्हणून करड्या रेघा झाल्या. जंगालाचा तेथे निभाव लागत नाही. वनस्पतींच्या रसाचे हिरवे रंग उन्हात फिके पडतात. नीळ आणि पिवडी एकत्र केली तर शेवाळी मळकटपणा हाती येतो, पाच हाती येत नाही.

मग गर्द हिरवा आमच्या दारावर आला कसा? तो तेलाच्या डब्यातून आला. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये एका रंग करणाऱ्याच्या हातून अनपेक्षितपणे एक गडद निळा रंग तयार झाला. प्रशियाचा निळा म्हणून तो जगभर गेला. १७९७ साली फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ याने क्रोमियम धातू शोधला आणि त्यापासून पुढे झळझळीत पिवळा रंग निघू लागला. या दोघांच्या मिश्रणाने जो गडद हिरवा झाला, तो स्वस्त होता, अळशीच्या तेलात उत्तम मिसळे आणि लाकडाचे पाऊसपाण्यापासून रक्षण करी. एकोणिसाव्या शतकात युरोपातील गाड्या, कुंपणे, खिडक्यांच्या झडपा, इंग्लंडातील आगगाड्यांची इंजिनेसुद्धा या हिरव्याने रंगली. जहाजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यासही लागला. परंतु चुन्याशी त्याचे पटेना. चुन्याच्या दाहाने प्रशियाचा निळा विरून जातो, क्रोमचा पिवळा नारिंगी पडतो. म्हणजे हाच हिरवा भिंतीवर काढला असता तर काही दिवसांत त्याचा तांबूस-पिवळा चिखल झाला असता.

येथे आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या जुन्या घरांत लाकूड हिरवे आणि भिंत तांबडी, पिवळी किंवा पांढरी, ही जी जोडी सर्वत्र दिसते, ती कोणी चित्रकाराने बसून ठरविलेली नव्हे. चुन्याने हिरव्यास भिंतीवर पाऊल ठेवू दिले नाही आणि तेलाने त्यास दारावर आश्रय दिला. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्यांत चवथीपूर्वीच्या खर्चात चुना, काव, पिवडी ही एका ओळीत आणि अळशीचे तेल व हिरवा रंग निराळ्या ओळीत येतात. लहानपणी त्या वह्या आम्ही नुसत्या चाळल्या होत्या; त्या दोन ओळींचा अर्थ आता कळला.

त्यातही काव हा आपला विशेष. चिऱ्याच्या या देशात तांबडी माती पायाखालीच असते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करावयाचा, अशी एक भित्तिकला गोव्यापासून कारवार-कुमट्यापर्यंतच्या देवळांत व घरांत नांदत होती. तिला कावी म्हणतात. मोरजेच्या मोरजाईच्या देवळात ती पाहावयास मिळते, डॉ. कृष्णानंद कामत यांनी या कलेचा शोध घेऊन तिच्या नोंदी केल्या, हे त्यांचे मोठेच उपकार. शाहू महाराजांच्या काळी, १७३८ साली बांधलेल्या कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळाची तांबूस-पांढरी जोडीही वाचकांच्या डोळ्यांपुढे असेलच. कावी कला दोनच रंगांवर चालते. तिसरा रंग हवाच असेल तर तो लाकडावर. आमच्या घरातील चौकाच्या भिंतीवर छताखाली अशीच एक वेलपट्टी आहे. निम्मी पुसट, निम्मी शाबूत. काकींचा आग्रह पायथ्याच्या पट्टीपुरता होता, आणि वेलपट्टीविषयी त्या काही बोलल्या नव्हत्या. ती कोणी पुसून टाकील असे त्यांच्या मनातही आले नसावे.

पोर्तुगीज अमदानीत शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता आणि घरांस इतर रंग देणे भाग होते, असे गोव्यात परंपरेने सांगतात. पणजीच्या फोंताइन्हास वाड्यात पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती आणि त्यांस पांढरी किनार, असे जे दृश्य आहे, त्याची उपपत्ती बहुधा याच कथेने लावली जाते. ती असो. आमच्या मते त्या भिंतींचा खरा हुकूमनामा चुन्याने काढलेला आहे, आणि तो पंचगंगेपासून काळी नदीपर्यंत सारखाच लागू होता, राज्य कोणाचेही असो.

भिंतीवर गर्द हिरवा हवाच असेल तर त्या काळी एकच उपाय होता, भाजलेल्या मातीवरील काचेचा लुकण. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर आमच्या तिकडील वाचकांनी शेकडो वेळा पाहिले असेल. राजा मानसिंह तोमर याच्या कारकीर्दीतील, म्हणजे १४८६ ते १५१६ च्या दरम्यानचे हे काम. निळ्या चकचकीत कौलांच्या पट्ट्यांवर हिरव्या केळी आणि पिवळी बदके. हिरव्यास निळ्याची सोबत देणे किती कठीण आणि ती साधली तर किती राजस, याचा तो पुरावा होय. मात्र त्याच्यात मध्यस्थीला पिवळा आहे, हे विसरता कामा नये.

युरोपात मात्र हिरवा भिंतीवर चढला, आणि त्याची कथा दुःखद आहे. १७७५ साली शेले या थोर रसायनज्ञाने तांबे आणि सोमल यांच्यापासून एक नवा हिरवा तयार केला. १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून तेजस्वी भावंड जन्मास आले. लोकांनी त्यास पाचूचेच नाव दिले. स्वस्त, देखणा, दिव्याच्या उजेडातही न मरणारा. भिंतीवर चिकटवावयाचे छापील कागद, कृत्रिम फुले, मेणबत्त्या, मुलांची खेळणी, साऱ्यांवर तो चढला. शयनगृहे हिरवी झाली. मग घराघरांत मुले आजारी पडू लागली. दमट भिंतीवरच्या कागदास बुरशी लागे आणि खोलीत लसणीसारखा वास येई. १८३९ मध्ये ग्मेलिन या जर्मन रसायनज्ञाने वर्तमानपत्रातून जाहीर इशारा दिला. १८९० नंतरच्या दशकात गोसिओ या इटालियन वैद्याने सोमलयुक्त रंगावर बुरशी वाढविली असता विषारी वायू निघतो, असे प्रयोगाने दाखविले. वायूने किती जणांचा बळी घेतला आणि रंगाच्या झडलेल्या पुडीने किती, याविषयी पुढील शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण सोमलाने भरलेली खोली ही सोमलाने भरलेली खोलीच. सेंट हेलेना बेटावर १८२१ साली वारलेल्या नेपोलियनच्या बिऱ्हाडातील भिंतीच्या कागदाचा एक तुकडा १९८० नंतर तपासला गेला, तेव्हा त्यातही सोमल निघाला. सम्राट जठराच्या रोगाने गेला, असेच बहुतेक तज्ज्ञ मानतात. तथापि त्याची भिंत त्याच्या मित्रपक्षात नव्हती, एवढे निश्चित.

कायद्याच्या विद्यार्थ्यास या प्रकरणात एक गोष्ट विशेष खटकते. इंग्लंडात असे कागद बंद करणारा कायदा झालाच नाही. गिऱ्हाइके घाबरली, बिनविषारी कागद मागू लागली, तेव्हा कारखानदारांनी आपल्या जाहिराती बदलल्या. पुढे हाच पाचूचा रंग बटाट्याच्या किडीवर आणि डासांच्या अळ्यांवर विष म्हणून वापरला गेला. ज्या वस्तूने लोक आपल्या मुलांची खोली सजवीत होते, तिचे योग्य स्थान शेतात आणि डबक्यात होते, हे समजण्यास अर्धे शतक लागले. तांब्याचा दुसरा, तुलनेने निरुपद्रवी नातेवाईक आपल्याकडे आजही दिसतो: पावसाळ्याच्या तोंडी पोफळीच्या शिपट्यांवर मोरचूद व चुना यांचे जे बोर्डो मिश्रण फवारतात, त्याची निळसर-हिरवी झाक बागेत कित्येक दिवस राहते.

योगायोग असा की, ग्मेलिनने इशारा दिला त्याच १८३९ साली पॅरिसमध्ये शेव्रल या रसायनज्ञाचा रंगांच्या परस्परविरोधाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि आमच्या बंधूंनी मागितलेले कारण तेथे सापडले. शेव्रल १८२४ पासून गोबलँ येथील सरकारी विणकामाच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. काळे सूत फिके पडते, अशी विणकरांची तक्रार आली. त्याने तपासले, सुतात काही दोष नव्हता. शेजारच्या निळ्या सुतामुळे काळा फिका दिसत होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांतील भेद वाढवून पाहतो. प्रत्येक रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो. हिरव्याचा विरोधी तांबडा. म्हणून हिरव्याजवळ तांबडा अधिक तांबडा होतो आणि तांबड्याजवळ हिरवा अधिक हिरवा. शेजारी राखी असेल तर त्यावर गुलाबी-तांबूस झाक चढते, आणि तो राखी राहतच नाही. गडद हिरव्याजवळ अगदी शुभ्र पांढरा ठेवला तर दार काळेच भासते. किंचित पिवडी मिसळलेला पांढरा असेल तर दाराचा हिरवेपणा टिकतो. विड्याच्या पानातील कात आणि माटोळीतील कवंडळ यांचे शास्त्र हेच. पण शेव्रलच्या नियमात एक सावधगिरीही आहे: दोन्ही विरोधी रंग सारखेच प्रखर व सारख्याच विस्ताराचे असले तर डोळ्यांस झगडा वाटतो. १९१० च्या क्रांतीनंतर पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाने १९११ साली हिरव्या-तांबड्याचे निशाण घेतले. त्या प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंस समान हक्क दिले, म्हणून त्याविषयी कटू बोलणार नाही. परंतु घराची भिंत हे निशाण नव्हे. कावेची पट्टी हातभर रुंद असते आणि तिच्या वर पांढऱ्याचा विस्तार असतो, यातच तिचे शहाणपण आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही ओसरीवर बसून स्वतः पाहिली. १८२५ साली पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने लिहून ठेवले की, उजेड मंदावू लागला म्हणजे तांबडे रंग आधी काळोखात बुडतात, हिरवे-निळे मागाहून. तिन्हीसांजेस कावेची पट्टी खरोखरच प्रथम मावळते; पांढरी भिंत आणि हिरवे दार काही क्षण मागे राहतात. मग काकी तुळशीपुढे पणती लावतात आणि तिच्या पिवळ्या उजेडात काव पुन्हा वर येते, दार मात्र काळे होते.

आज रंगाऱ्याच्या पुस्तिकेत शेकडो हिरवे आहेत. १८५९ साली गिन्ये या फ्रेंच रसायनज्ञाने क्रोमियमच्याच एका तेजस्वी हिरव्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि १९३० नंतरच्या दशकात कारखान्यांतून असा हिरवा निघाला की त्यास चुना, ऊन, पाऊस कशाचेच भय नाही. सिमेंट आले, प्लॅस्टिकचा रंग आला. चुन्याचा हुकूम संपला. कोणताही रंग कोठेही लावता येतो, आणि म्हणूनच आमच्या अंगणात तीन मते उभी राहिली. आजोबांस हा तंटा करताच आला नसता.

परंतु चुन्याचा हुकूम नव्या भिंतीपुरता संपला. जुन्या भिंतीवर तो अद्याप चालतो. आमच्या मागील पडवीस काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सल्ल्याने चकचकीत प्लॅस्टिकचा रंग दिला होता. चिऱ्याची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि चुन्यातून ती हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढविला म्हणजे ओल आत कोंडते. जेथे वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे परिणाम काय व्हावयाचा? दुसऱ्याच पावसाळ्यात फोड आले, तिसऱ्यात रंगाबरोबर गिलाव्याची खपलीही खाली आली. पडवीत वेलपट्टी नव्हती, हे भाग्य. चौकात तोच रंग लावला असता तर पापुद्र्याबरोबर वेलपट्टी गेली असती, आणि ती काढणारा हात आता कोठे शोधावा?

दाराविषयीही एक धोका ध्यानात आला. जुन्या गर्द हिरव्यातील क्रोमचा पिवळा हा शिशाचा. खालच्या थरांत सफेता किंवा शेंदूर असेल तर तोही शिशाचाच. भारतात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. आमचे दार त्याच्या कितीतरी आधीचे. रंगारी ते कोरडेच घासून काढण्याच्या तयारीत होता आणि पुतण्याची दोन लहान मुले तेथेच खेळत होती. दार न घासता केवळ ओल्या फडक्याने पुसावे, सुटलेला पापुद्रा पाण्याने भिजवूनच काढावा, खाली कापड अंथरून पूड गोळा करावी आणि तोवर मुलांस मागच्या अंगणात ठेवावे, असे आम्ही ठरविले. या एका बाबतीत कोणाचेही मत घेतले नाही.

नवव्या दिवशी निवाडा दिला. भिंतीस चुना, त्यात चिमूटभर पिवडी. म्हणजे वहिनींचा पिवळा रंग नावापुरता तरी राहिला. पायथ्यास कावेची पट्टी, हातभर. वेलपट्टीस कोणी हात लावावयाचा नाही. तिच्यावरील धूळ मऊ कुंचल्याने झाडावयाची, बस्स. दार आहे तसे गर्द हिरवे, शिसे नसलेल्या नव्या तेलरंगाने. बडोद्याच्या बंधूंस त्यांच्या वाट्याच्या माडीवरील खोलीत, जेथे सिमेंटचा गिलावा आहे, राखी रंग मोकळा केला. त्यांनी तो दिला. खोलीच्या खिडकीच्या झडपा हिरव्या आहेत. चवथीस ते सहकुटुंब आले, दोन दिवस राहिले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "दादा, त्या रंगाऱ्याने राखीत काही गुलाबी मिसळले आहे का?"